तीन नि दोन एक

बाबा, दारात उभा होतास ना तू? गुडघ्यापर्यंत खाडीचा चिखल, म्हणून वर्गात आला नाहीस, उंबऱ्याबाहेर थांबलास. मग सगळं ऐकलंस. गुरुजींनी मला विचारलं, तीन आणि दोन किती, आणि मी म्हणाले, एक. पोरं हसली. गुरुजी म्हणाले, "परत सांग." मी परत म्हणाले, एक. हातावर पट्टी बसली तीही तू बघितलीस. गुरुजी तुझ्याकडे वळून म्हणाले, "हिच्या डोक्यात काही शिरत नाही, उगाच जागा अडवते." आणि तू काय बोललास? "हो गुरुजी." बस, एवढंच. दोन शब्दांत पोरीची शाळा संपवलीस. तिसरीतली होते मी.

इतकी वर्षं मी गप्प होते, कारण मलाही वाटायचं की मी मठ्ठच आहे. आता वाटत नाही. का ते सांगते, ऐक.

गेल्या आठवड्यात मी पोळ्या लाटत होते. कळंबोलीच्या लोखंड बाजारात माझे डबे जातात, सकाळी घाई असते. लेक ओट्याशेजारी वही उघडून बसलेली. कॉलेजचं शेवटचं वर्ष, गणित घेतलंय तिने. वहीत चौकटी काढलेल्या, चार आडव्या, चार उभ्या, आत आकडे. माझी नजर गेली आणि तोंडातून निघालं, "शेवटची ओळ चुकलीय तुझी. दोन दोनदा आलाय." ती वहीकडे बघते, माझ्याकडे बघते. "आई, तुला कसं कळलं?" म्हटलं, "त्यात कळायचंय काय? एका जागेवर दोन जाळी लागली तर मारामारी नाही का होणार?"

तुझाच तक्ता होता तो, बाबा. आपल्या दाराच्या मागे कोळशाने काढलेला. खाडीत जाळं लावायच्या चार जागा, चार घरं, रोज प्रत्येकाने एक जागा पुढे सरकायचं, चौथीनंतर पुन्हा पहिली. प्रत्येक ओळीत प्रत्येक जागा एकदाच, उभं बघितलं तरी एकदाच. रोज सकाळी मला खांद्यावर बसवून विचारायचास, "आज तीनवर हाव, दोन दिसांनी खय?" मी म्हणायचे, "एकवर!" आणि तू आईला हाक मारायचास, "ऐकलंस काय गो, पोर माजी खाडी वाचते!"

लेक म्हणाली, याला ग्रुप म्हणतात. मी म्हटलं, आमी पाळी म्हणायचो. ती इतकी हसली की पेन खाली पडलं. "सरांना सांगू का, आमच्याकडे ग्रुपला पाळी म्हणतात?" तिने चारच्या जागी शून्य लिहिलं होतं, फरक काय तो एवढाच. मग मी बोट ठेवलं. तीनची ओळ, दोनचा रकाना. आत एक. म्हटलं, "तीन नि दोन एक? सर मारत नाहीत?" "मारतील कशाला? इथे एकच बरोबर आहे, आई." तव्यावरची पोळी काळी झाली तरी मी तशीच उभी.

अजून एक सांगितलं तिने. या तक्त्यात कोणी कितीही पुढे सरकला, तरी त्याला मूळ जागी परत आणणारा एक जण असतोच. एकला तीन आणतो, तीनला एक. मला परत आणणारा कोण होता, बाबा? दारात उभा होता, चिखलाच्या पायांनी, आणि "हो गुरुजी" म्हणत होता.

आणि माझा राग कशाचा, तर तुला कळलं होतं. बांधावरून घरी येताना हळूच म्हणालास, "बरोबर हाय तुजं. पन शालंत नाय चालत." मला वाटलं, पोर रडतेय म्हणून समजूत काढतोस. पुढच्या दमात म्हणालास, "उद्यापासून घरान बस." दुसऱ्या दिवशी आईबरोबर कोलंबी सोलायला बसले. दाराच्या मागचं पुन्हा कधी विचारलं नाहीस. पुढे सासरी, बँकेत, लेकीच्या शाळेत, कुठेही कागद पुढे आला की मीच आधी सांगून टाकायचे, मला नाही कळत, सही कुठे करू ते दाखवा.

आता बेलापूरला बायकांसाठी दुपारची शाळा निघालीय. लेकीने फॉर्म आणला. नाव भरलं, पत्ता भरला. पुढे विचारलंय, शाळा सोडण्याचे कारण. लेक म्हणते, "लिही ना, घरची परिस्थिती. सगळ्या तेच लिहितात, टेन्शन कशाला घेतेस?" मी नाही लिहिणार. आपल्याकडे होडी होती, जाळी होती, शाळा फुकट होती. परिस्थितीला काय झालं होतं? तू गुरुजींना घाबरलास का? का कोलंबी सोलायला दोन हात हवे होते? काहीही असू दे, पण खरं सांग.

तू तर आता जगात नाहीस, हे पत्र टाकणार कुठे? डब्यांच्या कपाटात राहील, खालच्या कागदाखाली. तिथे आहे तोवर एक माझंही ऐकून घे, कुणाला सांगितलेलं नाही. शाळेतलं उत्तर पाच, हे मला माहीत होतं. बोटं मोजता येत होती मला. पण दारात तू दिसलास, आणि मी तुला आवडायचं तेच उत्तर दिलं. दुसऱ्यांदाही.

फॉर्म सोमवारी दुपारी द्यायचाय. रकाना मोकळा ठेवलाय. सोमवार सकाळपर्यंत सांग, काय लिहू.