मंगळावरचं पाणी आणि आपली विहीर

अहो,

सकाळपासून कशात लक्ष लागत नाही. उद्या आपली विहीर बुजवायला जेसीबी येणार आहे. हे तुमच्याशिवाय कोणाला सांगू? म्हणून तुमच्या हार घातलेल्या फोटोसमोर लिहायला बसले.

आपल्या सुहासला गणपतीपुळ्याला जाणाऱ्या पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधायच्यात. बांधू दे, चांगलंच आहे. पण काल भाऊजी म्हणाले, "वहिनी, ती विहीर कधी नव्हतीच. दादाने हौसेने खणलेला खड्डा तो." आणि सुहास हसला. वरच्या अंगाला जांभ्या दगडाची चिरेखाण झाली नि पाणी गेलं, तेव्हा तो पाळण्यात होता. त्याला काय आठवणार? आणि भाऊजी तर तेव्हा गावातच नव्हते.

तुम्हीसुद्धा कधी बोलला नाहीत! पाणी गेल्यावर लोक चेष्टा करायचे आणि तुम्ही विडी शिलगावून आंब्याच्या कलमांकडे निघून जायचात. का हो?

पालीच्या वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचत मी वाचायला शिकले. "आधी साखर डब्यात भर, मग जगाच्या बातम्या वाच," म्हणायचात. आज पेपरात मंगळाचं आलंय. आपल्या कातळासारखीच तांबडी जमीन. तिथे फिरणाऱ्या यंत्राला पांढरट दगड सापडलेत. त्यातली खनिजं बघून शास्त्रज्ञ म्हणतात, पाणी फार काळ मुरल्याशिवाय असा दगड होत नाही. मला तुम्ही विहिरीच्या तळातून काढलेली पांढरी माती आठवली. तिनेच तर मी चूल सारवायचे.

तिथलं पाणी कोणीच पाहिलेलं नाही, तरी दगडावर विश्वास ठेवतात. इथे मी ते पाणी शेंदलंय, प्यायलेय, तरी माझ्यावर कोणी ठेवत नाही!

दुपारी सुहासला हाताला धरून विहिरीवर नेलं. रहाट बसवायचा राहूनच गेला होता ना? मी तशीच, काठावर दोर घासत कळशी ओढायचे. त्या दोराने कठड्याच्या चिऱ्याला पडलेल्या खाचेत त्याचं बोट ठेवलं. बराच वेळ तो बोट फिरवत राहिला.

"पण आई, आता काही पाणी येणार नाही."

"नको येऊ दे. होतं, एवढं दिसू दे."

तो फोन काढून कलमांकडे चालत गेला, अगदी तुमच्यासारखा. कोणाशी काय बोलला, अजून सांगितलेलं नाही.

जेसीबी येवो न येवो, उद्या उजाडताच मी त्या चिऱ्यावर बसलेली असेन. आणि कोणी खड्डा म्हणालं तर तुमच्यासारखी उठून जाणार नाही. हा माझा शब्द.

तुमची,
सुमती