दारामागचं झाड

३ फेब्रुवारी, मंगळवार

आलं! मास्तरांचं चित्र आलं. खाकी कागदात गुंडाळलेलं, वर तेच डावीकडे कलंडलेलं अक्षर. झाडांवरच्या या प्रदर्शनात बावीस जण आहेत, आणि बाविसावे आमचे शाळेतले चित्रकलेचे मास्तर. गॅलरीत कुठलं चित्र कुठे टांगायचं ते मी ठरवते. देव आहे म्हणायचा.

४ फेब्रुवारी

नवरा म्हणाला, "सोड गं आता. ऐंशीचे झाले ते."

झाले असतील. मी सातवीत होते. वर्गाच्या भिंतीवरून माझं चित्र सगळ्यांसमोर ओढून काढलं. "हे झाड नाही, खराटा आहे," म्हणाले आणि टाकलं कचऱ्याच्या डब्यात. दहावीपर्यंत मला खराटाच म्हणायचे सगळे. चित्र कसं होतं ते आता आठवतही नाही. हसणं तेवढं आठवतं. त्यानंतर ब्रश हातात धरला नाही. लोकांची चित्रं टांगते, खिळे ठोकते, झालं.

सोड म्हणे!

५ फेब्रुवारी, गुरुवार

आज उघडलं. म्हाताऱ्याचा हात पार गेला. एकच झाड, पान नाही, फांद्या सरळसोट वर. कागदाचा एक कोपरा फाटका, तसाच काचेखाली घातलाय. मी इतकी हसले, की सुतारानं शिडीवरून विचारलं काय झालं. म्हटलं, खराटा आलाय.

जागा ठरवली — स्वच्छतागृहाच्या वाटेवर, दारामागे. दार उघडलं की चित्र झाकलं जातं. आणि ते दार दिवसभर उघडंच असतं.

"ताई, इथे कोण बघणार?" सुतार.

तेच तर.

आमच्याकडे नियम आहे: चित्रामागच्या पाकिटातला फॉर्म आधी वाचायचा, मगच पाटी लिहायची. यांचा कशाला वाचू? अक्षरावरून ओळखते मी यांना. पाटीवर मास्तरांचं नाव लिहिलं, खाली 'शीर्षक नाही'.

७ फेब्रुवारी, शनिवार

उद्घाटन. मास्तर काठी टेकत आले. चारही भिंती फिरून झाल्यावर मला म्हणाले, "आपलं दिसत नाही कुठे?" नेलं. दार ओढून दाखवलं. ते चित्राकडे कमी आणि पाटीकडेच जास्त बघत राहिले.

"पाटी कुणी लिहिली?"

"मी."

"अक्षर छान झालंय तुझं."

म्हणजे ओळखलं होतं तर! मग मी कशाला थांबते? मागे चार पाहुणे उभे होते. त्यांना नीट ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "मास्तर, हे झाड आहे की खराटा?"

हसले सगळे. अगदी तसंच, वर्गात हसले होते तसं. इतकी वर्षं हाच आवाज मला परत हवा होता, फक्त दुसऱ्याच्या वाट्याला आलेला.

मास्तर चिडले नाहीत. म्हणाले, "असं विचारणारा एक मूर्ख मी चांगला ओळखतो."

मूर्ख! चारचौघांत. पुन्हा!

८ फेब्रुवारी

दारामागचा बल्बही काढून टाकला.

११ फेब्रुवारी

नवऱ्याला सगळं सांगितलं. जेवताना मान वर न करता म्हणाला, "बरं वाटलं?"

वाटलं. वाटायलाच हवं.

१५ फेब्रुवारी, रविवार

चित्रं उतरवली. कुठलं कुणाला परत द्यायचं ते फॉर्मवर असतं, म्हणून मास्तरांचं पाकीट उघडावंच लागलं.

चित्रकार: माझं नाव. लग्नाआधीचं. पुढे — इयत्ता सातवी.

शीर्षक: झाड. खाली दोन रेघा.

इतर माहिती: शाळा सुटल्यावर डब्यातून काढून घेतलं. कोपरा माझ्या हातून फाटला. द्यायला तोंड नव्हतं.

चित्र परत कुणाला द्यावं: जिचं आहे तिला.