पावाच्या गाडीतले रविवार

प्रिय धाकटोबा,

शनिवारी तू जहाजावर चढणार आणि दोन वर्षं समुद्रात पाव भाजणार, हे मला तुझ्याकडून नाही, बेकरीच्या मालकांकडून कळलं. सख्ख्या बहिणीला बातमी गिऱ्हाइकासारखी काउंटरवर मिळावी, अशी वेळ आली बघ. तुझा नवा नंबर त्यांनी दिला नाही, पत्ताही नाही. शब्द दिलाय म्हणाले. पण माझं तोंड बघून दया आली असावी, पत्र मात्र हातोहात पोचवतो म्हणाले. म्हणून दुपारच्या सुट्टीत लाँड्रीतल्या इस्त्रीच्या टेबलावर बसून लिहितेय. जाऊ नकोस रे. खरं तर एवढंच लिहायचं होतं, पण तेवढ्यावर तू थांबणारा नाहीस. लहानपणापासून हट्टी, आणि तो हट्ट तुला शिकवणारी मीच.

उन्हाळा लागलाय. खारू सात वर्षांची झाली. पुढचे दोन्ही दात पडलेत, तरी तोंडाचा पट्टा अखंड चालू. तळ्यावर कधी जायचं म्हणून रोज डोकं खाते. पाण्याची भीती तिला उरलेली नाही, ती आम्हा मोठ्यांनाच बसलीय. या उन्हाळ्यात आम्ही एकदाही बाहेर पडलो नाही. रविवारी तुझे भावोजी पंख्याखाली पेपर घेऊन पडतात, आई पडदे ओढून बसते, आणि मी धुतलेलंच पुन्हा धुते. घरात माणसं असून घर खायला उठतं. मामा कुठंय, या खारूच्या प्रश्नाला आम्ही तिघं तीन वेगवेगळी उत्तरं देतो, आणि तिला एकही पटत नाही.

बाबांचे रविवार आठवतात का तुला? शनिवारची शेवटची फेरी झाली की बाबा पावाचे ट्रे एका बाजूला रचून बेकरीची गाडी झाडून काढायचे. तरी कोपऱ्यात चुरा राहायचाच, तो तुझ्या चड्डीला चिकटायचा, आणि तळ्यावरची बदकं सगळ्यांना सोडून तुझ्याच मागे लागायची. आई पुढच्या सीटवर कलिंगड मांडीवर घेऊन बसायची. ते गाडीत घरंगळू नये म्हणून जेवढी जपायची तेवढं तिनं आपल्याला कधी जपलं नाही, असं बाबा म्हणायचे. एकदा तू बी गिळलीस आणि पोटात वेल येणार असं मी तुला सांगितलं, तर दोन दिवस तू पाणीच प्यायला नाहीस. होडीवाला आपल्याला होडीतलं पाणी उपसायला लावायचा, आणि आपण मात्र त्याचेच उपकार मानायचो. काय कमी होतं रे आपल्याला? कलिंगड, पाणी आणि बाबांचं पाण्यावर तरंगणारं पोट.

गाडीच्या मागच्या भागाला खिडकी नाही, पुढं बसलेल्याला मागचं काही दिसत नाही, म्हणून बाबांनी तो नियम केला होता. आत बसलं की मधल्या पत्र्यावर माझा एक ठोका आणि तुझे दोन. तिन्ही ऐकल्याशिवाय ते किल्ली फिरवायचे नाहीत. परतीच्या वेळी तू दमून टॉवेलांवर झोपलेला असायचास, मग तुझे दोन मीच मारायचे. तुला उठवायला जीव होत नसे. बाबांना ते कधी कळलं नाही, आणि कळायची गरजही पडली नाही, कारण तू असायचासच.

बाबा गेल्यावर गाडी तुझ्याकडे आली आणि तू तुझे दोन ठोके खारूला देऊन टाकलेस. केवढी ऐट तिची! आणि मग गेल्या उन्हाळ्यातला तो रविवार. तू आणि आई पुढं, मी आणि खारू मागं, भावोजी कामावर. घरी येऊन तू मागचं दार उघडलंस तर आत मी एकटीच. तू गाडी कशी उलटी पिटाळलीस ते मला अजून स्वप्नात दिसतं. पोरगी राहिलेली चप्पल आणायला धक्क्यावर गेली होती, तिथून पाण्यात पडली. होडीवाल्यानं तिला बाहेर काढलं म्हणून ती आज आहे. दवाखान्याच्या त्या पॅसेजमध्ये भावोजी तुला नाही नाही ते बोलले. दोन ठोके ऐकल्याशिवाय गाडी हललीच कशी, म्हणाले. तू मान खाली घालून एवढंच म्हणालास, की मला ऐकू आल्यासारखं वाटलं.

त्यानंतर तू कानाच्या डॉक्टरकडे गेलास, हे मला आईनं सांगितलं. कान उत्तम आहेत असं डॉक्टरनं सांगितलं, तेव्हा तुला म्हणे जास्तच भीती वाटली. कान चांगले, म्हणजे डोक्यातच काहीतरी बिघडलंय, असं तू आईला म्हणालास. मालकांना किल्ली परत दिलीस. खारूला मांडीवर घेईनास, रस्ता ओलांडताना तिचा हात धरेनास. मग येणंच बंद केलंस. हे सगळं मी बघत होते, आणि पाहुण्याला द्यावा तितक्या शांतपणे तुला चहा देत होते.

आता ताकाला जाऊन भांडं लपवत नाही. त्या दिवशी खारू आणखी एक डुबकी मिळाली नाही म्हणून रुसली होती. रुसली की ती रिकाम्या ट्रेंच्या मागं दडून बसते, ते तुलाही माहीत आहे. ती आधीच चढलीय असं मी धरून चालले. दार मीच आतून ओढून घेतलं. अंधारात दोनदा हाक मारली, उत्तर नाही. म्हटलं, बस रुसून. माझं डोकं ठणकत होतं, मला घरी जायचं होतं. मी माझा एक ठोका मारला, आणि सवयीनं तिचेही दोन मारले. मग टॉवेलावर डोकं टेकलं ते घर येईपर्यंत उठलेच नाही. दवाखान्यात तू मान खाली घातलीस तेव्हा मी तोंड उघडलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं. पण भावोजींचा तो चेहरा बघून मी घाबरले. आज बोलू, उद्या बोलू करत वर्ष गेलं. करून सवरून मी नामानिराळी राहिले आणि माझं ओझं तू वाहिलंस.

काल जेवणं झाल्यावर मी दोघांनाही सांगून टाकलं. भावोजी तेव्हापासून माझ्याशी बोललेले नाहीत, आणि ते कधी बोलतील असं आज तरी वाटत नाही. आईनं एकच विचारलं, त्याला सांगितलंस का? म्हणून हे पत्र. मला माफ कर असं म्हणायला मला तोंड नाही. जायचंच असेल तर माझं तोंड बघायला नको म्हणून जा, मी निरोप द्यायलाही येणार नाही. पण स्वतःला वेडा समजून जाऊ नकोस रे, राजा. तुला भास झाला नव्हता. ठोके पडले होते, आणि तू ते नीट ऐकले होतेस.

तुझीच, तू नाही म्हणालास तरी तुझीच,
ताई