भिंतीवरचा उलटा रस्ता

उमरी, वैशाख, शके १८७०

दादा,

तू निजामाविरुद्ध लढायला सरहद्दीवरच्या कँपात गेलास तेव्हापासून त्याच्या माणसांचा आपल्या घरावर डोळा हाय. निजामाच्या अमलात डाक फोडून वाचतात, म्हणून हे पत्र टाकायचं न्हाई. पण तुझ्याशी बोलल्याबिगर करमत न्हाई.

दार दिवसभर लावून बसते. दाराचं ते भोक अजून हाय, आणि दुपारच्या उन्हात समोरच्या भिंतीवर अजून सगळा रस्ता उलटा उतरतो. बैलगाड्या चाकं वर करून चालतात. लहानपणी उन्हाळाभर तू त्या माणसांच्या गोष्टी रचायचास. "तोंड बघू नको तारे, चाल बघ," म्हणायचास. आणि तू उंडारून येताना बाबा जागे असले, की मी भोकातून लाल चिंधी बाहेर लोंबवायची. ती दिसली की तू गुपचूप वळायचास.

सकाळपासून लिंबाखाली दोघं बसलेत. उलटे दिसले तरी मांडीवरच्या बंदुका ओळखू येतात.

आत्ता बाजाराकडून एक खरबूजवाला येऊन राहिला. डोईवर पाटी, तोंडाला उपरणं. डावा पाय फेकत चालतो.

दादा, ती तुझी चाल हाय. लिंबाखालचे दोघं उठले.

चिंधी खुपसली. भिंत काळी झाली. आता चाचपत लिहून राहिले. तू वळलास का, दिसत न्हाई. चिंधी काढली तर दिसेल, पण तू समजशील की ये म्हणते.

वहाणांचा आवाज दाराकडं येतोय. दोघांचा का तिघांचा, कळत न्हाई.

तुझी,
तारा