नदीकाठी थांबलेल्या म्हातारीबाबत

प्रति,
मा. केंद्र संचालक,
मांडवीतीर नभोवाणी केंद्र, पणजी, गोवा.

विषय : कै. कृष्णनाथ मयेकर यांचे अर्धवट राहिलेले आख्यान पूर्ण करून मिळणेबाबत.
संदर्भ : आपले गेल्या महिन्यातील उत्तर.

महोदय,

मी खाली सही करणारा, कारापूर येथील किराणा दुकानदार व कीर्तनाचा जुना वेडा, विनंतीपूर्वक अर्ज करतो की,

१. आपले निवेदक कै. कृष्णनाथ आमच्या गावचे. गवई मोठे, ख्याल गाणारे. पण दर गुरुवारी सकाळी आपल्या केंद्रावरून कीर्तन करीत. निरूपण कोंकणीत, अभंग मराठीत. भाषेवरून भाऊ भावाशी बोलत नव्हता त्या दिवसांतही तेवढा वेळ सगळे एका चटईवर बसत. देवळात हरिदासाच्या जागी आम्ही माझ्या दुकानातला रेडिओ ठेवून त्याला हार घालीत असू, बुका लावीत असू. बुक्याने त्याची जाळी बुजली, ही गोष्ट वेगळी.

२. गेल्या श्रावणात त्यांनी स्वतः रचलेले आख्यान लावले. केरीची एक म्हातारी नैवेद्य घेऊन तेरेखोल नदीच्या काठी येते. देऊळ पलतडी. होडीवाला घरी गेलेला, अंधार पडत आलेला. ती हाक मारते, आणि पाण्यावरून वल्ह्याचा आवाज येऊ लागतो. इथे कृष्णनाथ म्हणाले, "आख्यान मध्येच सोडू नये, हे मला समजते. पण इथे घड्याळाचे राज्य. होडी कोणाची, ते येत्या गुरुवारी." तो गुरुवार उजाडण्याआधीच त्यांचे हृदय बंद पडले.

३. पुढचा भाग ध्वनिमुद्रित झालेलाच नाही, सबब प्रकरण निकाली काढले, असे आपण कळवलेत. आपला दोष नाही. पण आपल्याकडे प्रकरण निकाली निघाले आणि आमच्याकडे आरती राहिली. आख्यान संपल्याखेरीज आरती नाही, आणि आरतीवाचून दुसरा हरिदास उभा करता येत नाही. सावंतवाडीहून आलेले बुवा चहा पिऊन परत गेले. जाताना म्हणाले, "तुमच्या रेडिओला आधी मोकळा करा."

४. कृष्णनाथांची आई चंद्रावतीकाकी हल्ली अंथरुणावरच असते. गुरुवार आला की मला विचारते, "बाबू, ती म्हातारी पलतडी पावली मरे?" म्हणजे पैलतीरी पोचली ना? कृपया तिला भ्रमिष्ट समजू नये. मुलाच्या चितेचा धूर तिने दारात बसून पाहिला आहे. शेजारच्या ताराबाईने एकदा सुनावले, "काकी, सांगणारोच गेलो, आतां गोठ कसली?" तर म्हणाली, "म्हजो पूत गेलो. म्हूण त्या म्हातारेन तडीर उबी रावचें?" तेव्हापासून ताराबाईही गुरुवारी येऊन बसते.

५. मीच एकदा तिच्या उशाशी उभा राहून, चिपळ्या घेऊन, सुचेल तसे आख्यान पुरे केले. आवाज माझा आपण ऐकला नाहीत हे बरे. काकी हसली. कितीतरी दिवसांनी हसली. मग म्हणाली, "पुता, तूं साखर जोख. जंय थांबलें थंयसूनच येवंक जाय." म्हणजे जिथे थांबले तिथूनच यायला हवे. शास्त्र काय आहे मला ठाऊक नाही, पण मला ते पटले.

६. सबब विनंती अशी की, त्यांची वही किंवा एखादा कागद केंद्रात सापडल्यास कोणाही गायकाकडून आख्यान पुरे करावे. ते न जमल्यास त्यांचा तंबोरा, जो आपल्या स्टुडिओत असल्याचे कळते, त्यांच्या पट्टीत थोडा वेळ नुसता वाजवावा. पुढचे आम्ही इथे गाऊ. तेही नियमात बसत नसेल तर कोणत्याही गुरुवारी बाजारभाव सांगण्यापूर्वी कोणीही, बाई असो वा पुरुष, एवढे दोनच शब्द बोलावेत : "होडी आली."

होडी कोणाची, ते सांगू नये. काकीला ते माहीत आहे.

तिला आता फार काळ थांबवून ठेवता येईल असे वाटत नाही, म्हणून लवकर व्हावे.

गुरुवारी आपल्या केंद्रापुढे हात जोडून बसणारा,
आपला नम्र,
भिकाजी विष्णू गावस
कारापूर, ता. डिचोली
दि. ५ डिसेंबर १९८८

सोबत :
१. आपल्या उत्तराची प्रत.
२. बुक्याची पुडी. जो कोणी ते दोन शब्द बोलेल, त्याने आधी कपाळाला लावावा.