खंड्याभाऊ, जरा सरकून घ्या

तीर्थस्वरूप दादा,

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा साष्टांग नमस्कार. (कंबर धरली आहे, तेव्हा तो कागदावरच गोड मानून घ्यावा.) तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा खोकला? आमची सौ. तुमच्याकडे रुसून आली आहे आणि तिने माझ्याविषयी काय सांगितलं असेल ते मी ओळखून आहे. आता खरी हकीकत ऐका.

आमच्या बस डेपोमागचं तळं आणि भोवतालची झाडी कुंपण घालून पक्ष्यांसाठी राखून ठेवली आहे. जागा एवढीशी की बस वळवायची तर दोनदा मागे घ्यावी लागेल. तिथे जायचं हिच्या कधीपासून मनात होतं. निवृत्त झालो की नेईन म्हणालो होतो, आणि कंडक्टरचा शब्द म्हणजे शब्द. फाटकावरचा राखणदार कानाशी पुटपुटला, "हळू जा. खंड्या समोरच बसलाय. एकदा बिथरला की संपलंच."

आता तुम्हीच सांगा, यावरून शहाणा माणूस काय समजेल? समोर बाकावर निळ्या शर्टातला एक आडदांड गृहस्थ ऐसपैस बसलेला, गळ्यात दुर्बीण. (टेहळणीवर असणार, हे मी लगेच ताडलं.) हिने माझी बाही ओढली, ओठांवर बोट ठेवलं. मला वाटलं, घाबरली. असल्यांना मी गच्च भरलेल्या बसमध्ये वठणीवर आणलंय. पुढे झालो आणि ठेवणीतल्या आवाजात म्हणालो, "खंड्याभाऊ, जरा सरकून घ्या, लेडीज आहेत."

तळ्यावरच्या फांदीवरून काहीतरी निळं सुर्रकन उडालं. खंड्या म्हणे तोच, मासे पकडणारा पक्षी. हिला नुसती शेपटी दिसली. निळ्या शर्टवाला (दातांचा डॉक्टर निघाला) सकाळपासून त्याच्यासाठी श्वास रोखून बसला होता. त्याने मला जे ऐकवलं ते वडीलधाऱ्यांना लिहवत नाही. हिने मात्र घरी येऊन थेट बॅग भरली. यात माझं काय चुकलं? चूक पक्ष्याला माणसाचं नाव ठेवणाऱ्याची.

बाकी इकडे माझं उत्तम चाललं आहे.

आपला निवृत्त, पण निर्दोष,
मेहुणा

ता. क. : चहाची पत्ती कुठे असते, तेवढं तिला सहज विचारून कळवा. मी विचारलं असं सांगू नका.

आणखी ता. क. : उत्तम काही चाललेलं नाही. रोज सकाळी त्या बाकावर तोंडाला कुलूप लावून बसतो. आज खंड्या आला, त्याच फांदीवर. मी खोकलासुद्धा गिळला. पण दाखवायला शेजारी ही नव्हती. रुमाल टाकून जागा धरणाऱ्यांना मी नोकरीभर उठवलं, आता माझाच रुमाल शेजारी पसरलेला असतो. डॉक्टर रोज म्हणतात, जरा सरकून घ्या. मी हलत नाही. तिला पहिल्या बसमध्ये बसवून द्या.