शेवटच्या भागात मोडलेली रोटी

मर्गिलान, शुक्रवार

आपल्या घरात ज्यांच्या शब्दापुढे वडीलही गप्प बसत, त्या आदरणीय थोरल्या बहिणीस, ओयदिन ओपांस, धाकट्या भावाचा, हमदमचा छातीवर हात ठेवून सलाम.

तुमचा गुडघा कसा आहे? भावोजींचा खोकला, थोरल्याची टॅक्सी, धाकटीची परीक्षा, अंगणातली तुती, ती मारकी गाय, सगळं सुखरूप ना? इकडे सर्व ठीक (हे रिवाज म्हणून लिहिलं, खरं पुढे येतंय). फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही बोलता आणि मी ऐकतो. आज मला बोलायचं आहे.

मी मालिका बघत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. निवृत्त भूगोलशिक्षकाला ते शोभतही नाही. मालिका तुमची भावजय सनोबर बघते. मी फक्त त्याच खोलीत, त्याच वेळी, चष्मा लावून बसतो. आता बसल्याजागी माणसाची चार मतं होतात, त्याला इलाज नाही. ती समुद्रकाठच्या बंगल्याची तुर्की मालिकाच घ्या. एकशे बेचाळीस भाग झाले, पण त्या घरातून कुणी एक दिवस कामाला गेलेलं मी पाहिलं नाही. खोल्या सतरा, पण चोरून ऐकायला सगळ्यांना मिळून दार एकच. नायिकेची स्मृती साठाव्या भागात गेली, नायकाची नव्वदाव्या. सगळं नीट लक्षात आहे ते एकट्या खलनायकाला, म्हणून माझा विश्वासही त्याच्यावरच. आणि चहा! पाहुण्यापुढे काठोकाठ भरलेला पेला ठेवतात. आपल्याकडे असा पेला भरला तर 'आता निघा' असं समजून पाहुणा मुकाट्याने जोडे शोधायला लागेल. तिथे तो निर्लज्ज तीन-तीन भाग ठाण मांडून बसतो, आणि मग सासूबाई विचारतात, घरात कलह का! नायक नायिकेकडे टक लावून बघू लागला की मी उठून पुलावाची गाजरं चिरून येतो. येऊन पाहतो तर हा बघतोच आहे.

आपल्या लहानपणी थिएटरात हिंदी चित्रपट लागायचे, त्यात निदान काही घडायचं. (जत्रेत हरवलेले भाऊ वीस वर्षांनी गाण्यावरून एकमेकांना ओळखायचे. मी कुमतेपाच्या बाजारात दोनदा हरवलो. आईने दोन्ही वेळा मला कान धरून शोधून काढलं आणि घर येईपर्यंत तो सोडला नाही. यावर कुणी चित्रपट काढत नाही.)

असो. मालिकेचा शेवटचा भाग बुधवारी पाच वाजता होता, आणि आपल्या लेकीला, महलियोला, मागणी घालायला बायका आल्या त्याही बुधवारी पाचलाच. रेशीम कारखान्यातला रंगारी दिल्शोद, त्याची आई आणि दोन मावश्या. टीव्ही पाहुण्यांच्याच खोलीत (तिथे ठेवायचा हट्ट माझा होता, हे सनोबर परवापासून रोज सांगते). पाहुण्यांच्या मानासाठी मी आवाज बंद केला. चित्र बंद करण्याइतका मान मला जमला नाही.

सनोबरने मला तीनच वाक्यं पढवली होती: "बघू. विचार करू. मुलीला विचारू." पहिल्याच खेपेला हो म्हणणं म्हणजे मुलगी जड झाली म्हणण्यासारखंच. त्यांना निदान तीन खेपा घालायला लावायच्या, असं ठरलं होतं. त्यांनी आणलेली जाडजूड रोटी रुमालावर माझ्यापुढे होती. मी "बघू" म्हणालो. "विचार करू" म्हणालो. तेवढ्यात नायिका धक्क्यावर धावत आली, आणि नायकाला घेऊन बोट सुटली! ओपा, एकशे बेचाळीस भागांचा जीव त्या बोटीत होता. हाताखाली जे होतं ते मी गच्च धरलं आणि काडकन दोन तुकडे केले.

मग दिल्शोदच्या आईने हात उंचावले, "आमीन! रोटी मोडली, सोयरीक झाली!" मावश्या रडत सनोबरच्या गळ्यात पडल्या. सनोबर त्यांच्या खांद्यावरून माझ्याकडे बघत होती. एवढा वेळ तर तो नायकही कधी बघत राहिला नाही. महलियो चहाची किटली घेऊन दारात उभी होती. तिने एकच विचारलं, "बाबा, बोट परत आली का हो?"

मोडलेली रोटी मागे घेता येत नाही. पण घरातलं वडीलधारं माणूस मी नाही, तुम्ही आहात. तेव्हा रविवारच्या गाडीने या आणि सांगा, "माझ्या माघारी मोडलेली रोटी ही सोयरीक नव्हे, ती न्याहारी." मुलाची चौकशी मी केली. खोट सापडली नाही, याचाच मला संशय येतो. पंजे निळे आहेत, पण ते रंगामुळे.

तुमच्या येण्याकडे डोळे लावून बसलेला,
हमदम

ता. क. १: बोट परत आली का? गळाभेटींत मला पडदाच दिसला नाही. तुम्ही बघत नाही हे मी जाणतो, भावोजींना विचारा.

ता. क. २: खरं लिहितो. मुलगा चांगला आहे, सोयरीक मोडू नका. सहा वर्षांची होती तेव्हापासून महलियो माझ्या डाव्या हाताला बसते आणि माझं एकूण एक मत खोडून काढते. सनोबर काही बोलत नाही, ती झोपते. आता मतं मांडायची कुणापुढे? ओपा, मला फार वाईट वाटतंय. बोलणी करताना एवढी एक अट घाला, की मालिकेच्या दिवशी तिला तासभर माहेरी पाठवावं. माझं नाव घेऊ नका.

ता. क. ३: आत्या, बाबांची पाकिटं चिकटवायचं काम माझं, म्हणून ही कडेची जागा मिळाली. ती अट मी दिल्शोदना आधीच घातली आहे. ते कबूल झाले, पण म्हणाले, मीही येणार, बाबांच्या शेजारी बसणार. आत्या, माणूस सोन्यासारखा आहे. खोड एकच: पुढच्या भागात काय होणार ते शोधून काढतात आणि आधीच सगळ्यांना सांगून टाकतात. लग्न लागेपर्यंत हे बाबांच्या कानावर जाऊ देऊ नका.